सूर्याचा कोप आणि खानदेश

सन २०२४ च्या मे महिन्याची १० तारीख हा खानदेशातील आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यांवर गौराईची गाणी म्हणत होत्या, पितरांच्या नावाने घागरी भरल्या गेल्या होत्या, आणि खापरावरचे मांडे व आमरस यांच्या जोरावर दुपारची झोप काढून उठलेला पुरुषवर्ग जळगाव आणि रावेर या मतदारसंघांत तीन दिवसांवर येऊन ठेपलेल्या मतदानाची गणिते मांडत होता. अशा त्या दिवशी, रात्री साडेदहाच्या सुमारास, सूर्यावरून सुटलेले विद्युद्भारित वायूचे प्रचंड लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळले. त्यापूर्वीच्या वीस वर्षांत एवढे मोठे सौरवादळ झाले नव्हते. लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातला तांबूस प्रकाश टिपला, अमेरिकेच्या मध्य भागात उपग्रहांच्या इशाऱ्यावर सरळ तास धरणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत जागच्या जागी उभे राहिले, आणि तापीच्या दोन्ही काठांवर मात्र या घडामोडीची कोणाला खबरही लागली नाही.

अशा वादळांनी पृथ्वीवरील जीवसृष्टीचा संहार होईल काय, हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो, आणि त्याला खतपाणी घालणारा मजकूर भ्रमणध्वनीवर फिरत असतो. रात्री साडेबारा ते साडेतीनच्या दरम्यान घातक विश्वकिरण पृथ्वीजवळून जाणार असल्यामुळे फोन बंद करून अंगापासून दूर ठेवावा, असा एक हुकूम तर 'नासा'च्या नावाने कित्येक वर्षे नव्या नव्या तारखा लेवून येत आहे. फोन बंद केल्याने विश्वकिरण कसे परततात, याचा खुलासा त्यात कधीच नसतो. वस्तुस्थिती अशी की, सौरवादळाचा धोका खरा आहे, परंतु तो माणसाच्या देहाला नाही, झाडापेराला नाही, गुराढोरांना नाही. तो आहे माणसाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत भूमीवर आणि आकाशात जे तारांचे व यंत्रांचे जाळे विणले त्याला. आणि त्या धोक्याच्याही बाबतीत खानदेशची जमीन नकाशावर जेथे आहे, तेथे असण्यात तिचे मोठे सुदैव आहे.

वैशाखातल्या वळिवाची चाल ज्याने बांधावर उभे राहून पाहिली आहे, त्याला सौरवादळाची चाल समजावयास कठीण जाऊ नये. वळिवाची वीज प्रथम क्षितिजावर चमकते, मग धुळीचा वारा येतो, आणि पाऊस सर्वांच्या मागून येतो. सूर्यावरील डागांच्या गुंतागुंतीच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा एकाएकी मोकळी झाली म्हणजे जो भडका उडतो, त्याचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात, व ज्या बाजूस त्या वेळी दिवस असेल त्या बाजूच्या वरच्या वातावरणात इतका विद्युद्भार निर्माण करतात की लघुलहरींवरील नभोवाणी काही काळ मुकी होते. त्यामागून अर्ध्यापाऊण तासापासून काही तासांपर्यंत अतिवेगवान प्रोटॉन येतात. आणि सर्वांत शेवटी, एक ते तीन दिवसांनी, येतो तो अब्जावधी टन वजनाचा वायूचा मेघ, जो स्वतःचे चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊनच निघालेला असतो. या मेघातील क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचे क्षेत्र त्याला बहुधा बाजूने वाट करून देते; ती दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांत गुंततात, दार उघडते, आणि मग खरे चुंबकीय वादळ सुरू होते.

प्रथम उष्णतेची शंका निकालात काढू, कारण जळगाव-भुसावळच्या माणसाला सूर्य म्हटला की पंचेचाळीस अंशांपलीकडचा पारा आठवतो, आणि सूर्य खवळला म्हणजे ऊन वाढणार हा तर्क त्याला स्वाभाविक वाटतो. तो तर्क चुकीचा आहे. २८ ऑक्टोबर २००३ रोजी झालेला भडका आधुनिक काळातील अतिप्रबळ भडक्यांत गणला जातो; त्याने पृथ्वीवर येणाऱ्या एकूण सूर्यप्रकाशात जी भर घातली, ती दहा हजार भागांत तीन भागांहूनही कमी होती. खानदेशातील उन्हाळ्याची कारणे खानदेशातच आहेत: मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सूर्य जळगावच्या थेट माथ्यावर येतो, आकाश निरभ्र असते, काळी जमीन कोरडी ठणठणीत पडलेली असते, आणि वायव्येकडून तापलेला वारा येत असतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरविद्युत प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. सौरवादळाच्या दिवशी त्याच्या पटलांवर जादा वीज पिकत नाही, आणि ती पटले करपूनही जात नाहीत.

राहिला प्रश्न किरणांचा आणि कणांचा. आपल्या डोक्यावर जी हवा आहे, तिचे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरते, म्हणजे संरक्षणाच्या दृष्टीने आपण दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी राहतो. सूर्यावरून येणारे क्ष-किरण आणि बहुतेक सर्व कण या हवेच्या वरच्या थरांतच संपतात. त्याशिवाय पृथ्वीचे चुंबकत्व हा दुसरा तट आहे, आणि हा तट ध्रुवांपाशी ठेंगणा व विषुववृत्तापाशी उंच आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाशी, तिरुनेलवेलीच्या बाजूने जाते; त्यामुळे भारतावर हा तट जगातील अत्यंत उंच ठिकाणांपैकी एक आहे, आणि खानदेशच्या आकाशात सरळ खाली उतरावयाचे तर प्रोटॉनाच्या अंगी पंधरा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास ऊर्जा असावी लागते. सूर्यावरून येणाऱ्या बहुतेक प्रोटॉनांची ऊर्जा याच्या शतांशही नसते.

तथापि हे दोन्ही तट कोसळले तर काय, असे विचारणाऱ्यास निसर्गाच्या दप्तरातच उत्तर सापडते. जपानच्या फुसा मियाके यांनी २०१२ साली जुन्या देवदारवृक्षांची वर्षवलये तपासून असे दाखविले की, इ. स. ७७४-७७५ च्या सुमारास वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बन एकाएकी वाढला होता. आज बहुसंख्य अभ्यासक त्याचे कारण उपग्रहयुगात पाहिलेल्या कोणत्याही वादळापेक्षा कितीतरी पट मोठे सौरवादळ हेच मानतात. त्या वर्षी महाराष्ट्रात राष्ट्रकूटांचे राज्य होते. राज्य चालूच राहिले, वृक्षही वाढतच राहिले; नाही तर त्यांची वलये मोजावयास मिळाली नसती. त्याहून मागे, सुमारे एकेचाळीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच काही शतके आजच्या मानाने दहाव्या हिश्श्याच्या आसपास क्षीण झाले होते, आणि त्या काळातही माणूस, हरीण आणि हत्ती पृथ्वीवर नांदत होते. प्रबळ प्रोटॉनवर्षावाने ध्रुवप्रदेशावरील उंच थरांतील ओझोन काही काळ घटतो, हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ती घट तात्पुरती असते. खरा देहदंड आहे तो हवेचा तट सोडून बाहेर गेलेल्या अंतराळवीराला. ऑगस्ट १९७२ मधील भयंकर वादळ चंद्रावर जाणाऱ्या अपोलो १६ आणि अपोलो १७ या दोन मोहिमांच्या मधल्या काळात होऊन गेले, हे त्या प्रवाशांचे नशीब.

आता ज्या दप्तराचा महाराष्ट्राने अभिमान धरावा, पण ज्याची महाराष्ट्रात फारशी कोणाला वार्ता नाही, त्याकडे वळू. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापिली, आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यास आरंभ झाला. प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली तेथे उमेदवारी केलेल्या तरुणांत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात गणिती म्हणून कीर्तीस चढलेले केरूनाना, हेही होते. काम पाहिले तर अत्यंत कंटाळवाणे: धाग्याला टांगलेला चुंबक, त्याच्या हालचालीचे माप दाखविणारी पट्टी, आणि दुर्बिणीतून ती पट्टी वाचून दर तासाला वहीत आकडा घालणारा कारकून. रात्र असो, पाऊस असो, सणवार असो, तासाचा आकडा चुकवावयाचा नाही. आणि चुंबक अस्वस्थ दिसू लागला तर तासाची वाट न पाहता पंधरा-पंधरा, प्रसंगी पाच-पाच मिनिटांनी वाचन घ्यावयाचे, असा तेथला शिरस्ता होता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडातील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा गृहस्थ सूर्याच्या डागांचे चित्र काढीत असता, सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी, त्या डागांवरच दोन शुभ्र ठिणग्या प्रकटल्याचे त्याने पाहिले. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी, म्हणजे २ सप्टेंबरच्या सकाळी, भाद्रपदाच्या शुद्ध पक्षातील पावसाळी दिवशी, कुलाब्याचा चुंबक असा काही ढळला की, तेथील क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात जवळजवळ १६०० नॅनोटेस्लांची घट त्या वहीत नोंदली गेली. मुंबईचे हे क्षेत्र आजच्या मोजमापाने ३८ हजारांच्या आसपास असते, तेव्हा शेकडा चार भाग काही वेळात नाहीसे झाले असा हिशेब निघतो. आखाजीच्या ज्या वादळाचे मी प्रारंभी वर्णन केले, त्यात जगभरच्या स्थानकांचा तासाचा सरासरी उतार ४०६ नॅनोटेस्ला होता. ही दोन मापे अगदी एकाच पद्धतीची नव्हेत, तरी प्रमाणाची कल्पना यावी. युरोप-अमेरिकेतील पुष्कळ यंत्रांचे काटे त्या दिवशी पट्टीबाहेर गेले. कुलाब्याची नोंद टिकली, आणि विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वलयप्रवाहाचा परिणाम तिच्यात जसा उमटला तसा इतरत्र क्वचितच उमटला.

ही वही अनेक दशके कपाटात होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे सारे आकडे संगतवार लावून १९१० साली प्रसिद्ध केले होते. परंतु तिचे महत्त्व जगाला खऱ्या अर्थाने पटले ते २००३ मध्ये, जेव्हा भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरुबक्ष लखीना व शोभना ॲलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह त्या आकड्यांवरून १८५९ च्या वादळाची तीव्रता काढून दाखविली. आजही एवढे मोठे वादळ कसे असते, असे कोणी विचारले की विद्वानांना त्या अनाम कारकुनाच्या हातच्या आकड्यांकडे यावे लागते, आणि त्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा यावर त्यांचे वादही चालू आहेत. मूस यांची दूरदृष्टी दुसऱ्याही एका गोष्टीत दिसून आली. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरताच, तो विद्युत्प्रवाह कुलाब्याचे वेध नासवील हे ओळखून त्यांनी वेधशाळेचा चुंबकविभाग १९०४ मध्ये अलिबागला हलविला, आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकदम वाचने घेऊन जुन्या-नव्याची सांगड घातली. खानदेशपासून कोकणापर्यंत जो काळा दगड आपण घरांना वापरतो तो स्वतःच चुंबकीय असल्यामुळे, अलिबागच्या इमारतीसाठी दगड पोरबंदरहून आणविला गेला.

त्या १८५९ च्या सकाळी खानदेशात काय घडले? तेव्हा जळगाव आणि धुळे असे दोन जिल्हे नव्हते. धुळ्याच्या कलेक्टराच्या अंमलाखाली एकच खानदेश होता, पूर्व आणि पश्चिम असे त्याचे तुकडे १९०६ साली पडले. वादळाचा कळस आपल्याकडे भर दिवसा झाल्याने आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि बिघडण्यासारखी वस्तू म्हटली तर लांबवरची तारयंत्राची तार. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड यांच्या दरम्यान तारबाबूंनी बॅटऱ्या सोडवून ठेवून केवळ आकाशाने दिलेल्या प्रवाहावर संदेश धाडले, हे प्रसिद्ध आहे. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे तेथील वृत्तपत्राने छापले, आणि मुंबई ते एडन ही समुद्राखालची तार काही तास विस्कळीत झाली. मुंबईच्या अक्षांशावर हा प्रकाश दिसणे हे इतके विलक्षण आहे की, ज्यांना उत्पातांची यादी हवी असेल त्यांनी ती रात्र अवश्य टिपून घ्यावी.

तार तेव्हा पातळ होती आणि तिच्यावाचून कोणाचे अडत नव्हते. आता अडते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची संपूर्ण वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली आणि साठ लक्ष लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वेगाने हलले की जमिनीत विद्युद्दाब उत्पन्न होतो. शेकडो किलोमीटर लांबीची, कमी रोधाची विद्युतवाहिनी दोन टोकांना रोहित्रांमार्फत भूमीला जोडलेली असली म्हणजे तो दाब तिच्यातून वाट काढतो, आणि जो प्रवाह वाहतो तो आपल्या नेहमीच्या, सेकंदाला पन्नास आवर्तने घेणाऱ्या प्रवाहासारखा नसून जवळजवळ एकाच दिशेचा असतो. रोहित्राचा लोखंडी गाभा अशा प्रवाहासाठी घडविलेला नाही. तो अर्ध्या आवर्तनात चुंबकत्वाने तुडुंब भरतो, गुणगुणू लागतो, तापतो, वाहिनीत नको त्या लहरी सोडतो, आणि मग संरक्षक उपकरणे आपापला धर्म पाळीत एकामागून एक वाहिन्या तोडीत सुटतात. क्वेबेकच्या वाहिन्या ७३५ किलोव्होल्टच्या होत्या. धुळ्याला आज ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र आहे, आणि औरंगाबाद व वडोदरा यांच्याशी त्याला जोडणाऱ्या त्याच दाबाच्या लांबच लांब वाहिन्या शेतांवरून गेलेल्या आहेत.

मग क्वेबेकला जे झाले ते धुळ्याला होईल काय? धोका केवळ क्षेत्र किती उतरले यावर ठरत नाही, तर ते किती झपाट्याने हलले यावर ठरतो. आणि ही झपाट्याची हालचाल ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखाली, जेथे सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून लक्षावधी अँपिअरचे प्रवाह धावत असतात, तेथे सर्वाधिक असते. क्वेबेक त्या पट्ट्याच्या सावलीत आहे. धुळे त्यापासून फार दूर आहे. ऑक्टोबर २००३ च्या वादळात स्वीडनमधील माल्मो शहराची वीज तासभर गेली, ते समजण्यासारखे होते. परंतु त्याच वादळानंतर दक्षिण आफ्रिकेतील काही मोठी रोहित्रे नासलेली आढळली, आणि मध्यम अक्षांशांवरील अभियंत्यांचीही झोप उडाली. म्हणून आपल्याकडे धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. तो लहान आहे, आणि १८५९ च्या तोडीचे वादळ आले तर तो किती वाढेल याचा हिशेब वीजतज्ज्ञांनी कागदावर मांडून ठेवावा एवढा नक्कीच आहे. बाकी रब्बीच्या दिवसांत गावची डीपी जळते, त्याचे खापर मात्र कोणी सूर्यावर फोडू नये. ती वाढीव भाराने आणि आकड्यांनी जळते, आणि ते कोणाच्या शेतात टाकलेले असतात हे सर्वांना ठाऊक असते.

वीज गेल्याचा परिणाम माणसाच्या जिवावर होतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. मे महिन्यात जळगावची वीज दोन दिवस बंद राहिली, तर पाणीपुरवठ्याचे पंप, इस्पितळातील यंत्रे, औषधांची शीतपेटी यांची जी दशा होईल, ती कोणत्याही विश्वकिरणापेक्षा भयंकर असेल. सौरवादळाने माणूस मरावयाचा तर तो या वाटेने.

आकाशातील यंत्रांचा विषय निराळा आहे. फेब्रुवारी १९२२ मध्ये झाले असते तर कोणाच्या ध्यानातही न आले असते असे एक साधारण वादळ फेब्रुवारी २०२२ मध्ये आले. वरची हवा तापून फुगली, आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ३८ उपग्रह हवेच्या घर्षणाने कक्षेतून घसरून जळून गेले. मार्ग दाखविणाऱ्या उपग्रहांच्या संदेशांबाबत तर खानदेशचे स्थान उलट काहीसे अवघड आहे, कारण चुंबकीय विषुववृत्तापासून वर उचलला गेलेला विद्युद्भार मध्य भारताच्या आकाशात दाटून उतरतो, आणि त्यातून येणारा संदेश थरथरतो. रावेर-यावलच्या केळीबागांतून अजून ट्रॅक्टर उपग्रहांच्या हुकमतीखाली चालत नाहीत, म्हणून आज त्याची झळ नाही.

या सर्वांवर पहारा ठेवण्यासाठी भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ हे यान सोडले. पुण्याच्या आयुका संस्थेने घडविलेली, सूर्याची जंबुपार छायाचित्रे घेणारी दुर्बीण त्यावर आहे. ६ जानेवारी २०२४ पासून ते पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला ठाण मांडून आहे. सूर्यावरून मेघ सुटल्याचे एकदोन दिवस आधी कळते. पण त्याच्या पोटातील क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, म्हणजे तो बाजूने निघून जाणार की दार फोडणार, हे तो यानावरून वाहून जाईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. साधारण वेगाच्या मेघाला तेथून पृथ्वी गाठावयास अर्धा ते पाऊण तास लागतो. १८५९ चा मेघ मात्र सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक सरासरी वेगाने आला होता. तसा एखादा आज आला, तर ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेल्या अभियंत्याच्या हाती दहा-बारा मिनिटे उरतील. तेवढ्या वेळात दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वाहिनी परत चालू होत नाही. तेव्हा तिचे काम थांबविण्याचा, मोठ्या रोहित्रांवरील भार कमी करण्याचा आणि राखीव वीज तयार ठेवण्याचा निर्णय त्याला आदल्या दिवशीच, मेघाची दिशा माहीत नसताना, घ्यावा लागेल, आणि पुष्कळ वेळा तो मेघ बाजूने निघून गेल्यावर वाया गेलेल्या खर्चाची कैफियतही त्यालाच द्यावी लागेल.